मॉडेल विमानाचे इग्निशन मॉड्यूल हादऱ्यांपासून कसे जपावे

सोयाबीन निघाल्यावर मोकळ्या झालेल्या वावरात माझे ३० सीसी पेट्रोल इंजिनाचे विमान एकदा चौथ्या फेरीत अडखळू लागले. अर्ध्या थ्रॉटलला ते मिसिंग करत होते आणि पूर्ण थ्रॉटल दिला की पुन्हा नीट चालत होते. उतरण्याच्या वळणावर इंजिन बंदच पडले आणि विमान धुऱ्यापलीकडच्या तुरीत जाऊन बसले. पुढचे दोन दिवस कार्ब्युरेटरच्या सुया फिरवण्यात गेले. शेवटी इग्निशन मॉड्यूलमधून, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीतून, बाहेर पडणारी सेन्सरची वायर बोटांनी चाचपून पाहिली, तेव्हा वरचे आवरण अखंड असूनही आतले तांबे मॉड्यूलच्या तोंडाशीच तुटलेले आढळले. ते मॉड्यूल अजिबात हलू नये म्हणून मी चार केबल टाय लावून प्लायवूडवर करकचून बांधले होते. बिघाडाचे मूळ त्या बांधणीतच होते, आणि तसे न बांधता मॉड्यूल कसे बसवावे हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

खेड्यात राहून हा छंद जोपासणाऱ्यांसाठी ही बाब विशेष महत्त्वाची आहे. मॉड्यूल गेले तर तालुक्याच्या बाजारात ते मिळत नाही, बाहेरून मागवून हाती येईपर्यंत आठवडे जातात आणि तोवर मोकळ्या वावरात पुढचे पीक उभे राहते. बसवणीवर एक दिवस नीट खर्च केला तर तेच मॉड्यूल अनेक हंगाम साथ देते.

आधी आत काय असते ते पाहू. मॉडेल इंजिनांबरोबर येणारे बहुतेक इग्निशन सीडीआय (कपॅसिटर डिस्चार्ज इग्निशन) प्रकारचे असते. बॅटरीचे पाच-सहा व्होल्ट आतल्या सर्किटमध्ये काहीशे व्होल्टपर्यंत चढवले जातात, तो भार एका कपॅसिटरमध्ये साठवला जातो, आणि प्रोपेलरच्या हबमधील चुंबक हॉल सेन्सरसमोरून (चुंबक जवळ आला की इशारा देणारा सेन्सर) गेला की तो भार एका झटक्यात कॉइलमध्ये सोडला जाऊन प्लगला ठिणगी पडते. टू-स्ट्रोक इंजिनात हे प्रत्येक फेऱ्याला घडते, म्हणजे मिनिटाला ७००० फेरे असतील तर मिनिटाला ७००० वेळा. आतले भाग सहसा इपॉक्सीत गाडलेले असल्यामुळे त्यांना थोडेफार संरक्षण असते. खरे नाजूक ठिकाण म्हणजे वायरी डबीतून बाहेर पडतात ते तोंड. तिथे एक बाजू घट्ट धरलेली आणि दुसरी मोकळी असते, त्यामुळे प्रत्येक हादऱ्याला वायर त्याच एका रेषेवर वाकते आणि तांब्याचे बारीक तार एकेक करून तुटत जातात. सगळे तार एकदम तुटत नाहीत, म्हणूनच बिघाड आधी ठरावीक फेऱ्यांनाच दिसतो आणि माणूस कार्ब्युरेटरच्या मागे लागतो.

एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टनच्या वर-खाली होण्याने उठणारा हादरा काउंटरवेटमुळे कमी होतो, पण नाहीसा होत नाही. पाठीवरचा पेट्रोल फवारणी पंप ज्यांनी खोलून पाहिला आहे, त्यांनी इंजिन आणि चौकट यांच्यामध्ये बसवलेले रबराचे बुश पाहिले असतील. ते बुश काढून इंजिन थेट चौकटीला बोल्टने आवळले, तर एका फवारणीत पाठ आणि टाकी दोन्ही त्रासून जातील. मॉडेल विमानात मात्र इंजिन बहुधा थेट फायरवॉलला, म्हणजे नाकाकडच्या उभ्या लाकडी भिंतीला, बोल्टने आवळलेले असते, त्यामुळे ते बुशाचे काम आपल्याला मॉड्यूलखाली करून द्यावे लागते.

फोम लावूनही मॉड्यूल का तुटते

अनेक जण मॉड्यूलखाली फोम लावतात आणि तरीही त्यांच्या वायरी तुटतात. याचे कारण समजले की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप पटतील, म्हणून इथे थोडे थांबू.

फोमवर ठेवलेले मॉड्यूल म्हणजे स्प्रिंगवर ठेवलेले वजन असते. त्याला टिचकी मारली की ते स्वतःच्या एका ठरावीक गतीने डोलते. इंजिनाचा हादरा या गतीपेक्षा बराच वेगवान असेल, तर फोम तो गिळून टाकतो. हादरा नेमका त्याच गतीचा असेल, तर फोम तो कमी करण्याऐवजी वाढवतो, जसा झोक्याला योग्य क्षणी दिलेला हलका धक्काही झोका उंच नेतो. हिशेब असा आहे की इंजिनाची गती मॉड्यूलच्या डोलण्याच्या गतीच्या १.४ पट झाल्यावरच संरक्षण सुरू होते आणि त्यापुढे ते झपाट्याने वाढत जाते.

मिनिटाला १६०० फेऱ्यांच्या आयडलला, म्हणजे इंजिनाच्या सर्वांत मंद चालीला, सेकंदाला सुमारे २७ हादरे बसतात आणि ७००० फेऱ्यांना सुमारे ११७. म्हणजे पूर्ण थ्रॉटलचा हादरा जोरकस असला तरी फोमला तो अडवणे सोपे जाते. खरी कठीण वेळ असते ती आयडलची आणि उतरतानाच्या मंद गतीची. मॉड्यूल स्वतःच्या वजनाने फोममध्ये १ मिलिमीटर दबत असेल, तर त्याची डोलण्याची गती सेकंदाला सुमारे १६ येते, म्हणजे इंजिनाच्या ९५० फेऱ्यांइतकी. इतक्या कमी गतीला इंजिन चालत नाही, सुरू होताना आणि बंद होताना ते या गतीतून क्षणभर जाते, एवढेच. पण मॉड्यूल फक्त ०.१ मिलिमीटर दबत असेल, तर ती गती सेकंदाला ५०, म्हणजेच ३००० फेरे होते. विमान जमिनीवर चालवताना आणि उतरवताना आपण नेमके याच गतीच्या आसपास असतो, आणि तेव्हा फोम मॉड्यूलला वाचवण्याऐवजी हलवत असतो.

मॉड्यूलचे वजन साधारण शंभर-सव्वाशे ग्रॅम असते. इतकी हलकी वस्तू फोमच्या अख्ख्या पट्टीवर ठेवली तर फोम जवळजवळ दबतच नाही. हाताला मऊ लागणारा फोमही एवढ्या वजनासाठी कडक ठरतो, आणि वरून पट्टा आवळला की उरलासुरला मऊपणाही संपतो. म्हणून फोमची पूर्ण गादी न करता त्याचे चार छोटे खांब करावेत आणि मॉड्यूल त्यांवर अधांतरी ठेवावे, ही या लेखातील मुख्य सूचना आहे.

जागेची निवड

मॉड्यूल इंजिनाच्या माउंटवर किंवा काउलवर (इंजिनावरचे झाकण) कधीही बसवू नये, कारण माउंटवर हादरा थेट पोहोचतो आणि काउल स्वतःच डफासारखा थरथरतो. फायरवॉलच्या मागे, इंजिनबॉक्सच्या तळावर किंवा आतल्या बाजूवर जागा निवडावी. तिथेही पातळ प्लायवूडच्या फळीच्या मधोमध बसवण्यापेक्षा फळी जिथे आडव्या फॉर्मरला (सांगाड्यातली आधाराची फळी) चिकटली आहे त्या कोपऱ्याजवळ बसवावे, कारण फळीचा मधला भाग कडेपेक्षा बराच जास्त हलतो. बोटाच्या टोकाने फळी टकटक वाजवत गेल्यास आवाज जिथे भरीव होतो ती जागा योग्य समजावी.

सायलेन्सरची धग पोहोचणार नाही आणि काउलमधून येणारी हवा थोडी तरी लागेल, असे पाहावे. रिसीव्हर आणि त्याच्या अँटेना मॉड्यूलपासून किमान ३० सेंटीमीटर दूर असाव्यात. थ्रॉटलची दांडी धातूची नसावी, नायलॉनची असावी, म्हणजे इग्निशनचा खरखराट तिच्यावाटे सर्व्होपर्यंत जाणार नाही.

फोम कोणता घ्यावा

आपल्याकडे यासाठी सर्वांत चांगली वस्तू फ्रिज-एसी दुरुस्तीच्या दुकानात मिळते. तांब्याच्या पाइपवर चढवतात तो काळा नायट्राइल रबरचा फोम पेट्रोल आणि तेलाला बऱ्यापैकी दाद देत नाही, त्यात पाणी शिरत नाही, आणि तो ९, १३, १९ मिलिमीटर अशा जाडीच्या पट्ट्यांतही येतो. दुकानात कापून उरलेले तुकडे असतात, तेवढे आपल्याला पुरतात. गादीचा किंवा सोफ्याचा फोम मऊ असतो, पण पेट्रोल शोषून घेतो आणि दोन उन्हाळ्यांत त्याचा भुगा होतो. टीव्हीच्या खोक्यातला पांढरा पॅकिंग फोम एकदा दबला की दबलेलाच राहतो. चपलेचे रबर या कामासाठी फारच कडक आहे. दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोम टेप तर टाळावीच, कारण ती मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीची असते आणि पारा ४५ अंशांवर गेला की तिचा गोंद सुटतो.

तरंगता पाट तयार करणे

३ मिलिमीटर प्लायवूडचा एक लहान पाट कापावा, ज्यावर मॉड्यूल आणि त्याची इग्निशन बॅटरी शेजारी-शेजारी मावतील. बॅटरी सोबत ठेवण्यात दोन फायदे आहेत. पाटावरचे वजन जवळजवळ दुप्पट झाल्यामुळे तोच फोम जास्त दबतो आणि डोलण्याची गती खाली येते. शिवाय बॅटरी आणि मॉड्यूल एकत्र हलत असल्यामुळे त्यांच्यामधल्या वायरला वाकण्याचे कारणच उरत नाही. जागा नसेल तर मॉड्यूल एकटे ठेवता येते, मात्र तेव्हा खांब आणखी बारीक करावे लागतील. बॅटरी हलवली की विमानाचा गुरुत्वमध्य पुन्हा तपासून घ्यावा.

मॉड्यूल आणि बॅटरी पाटावर वेलक्रोच्या पट्ट्याने नीट बांधाव्यात. ही बांधणी घट्ट असली तरी चालते, कारण इथे मऊपणा पाटाखालून मिळणार आहे. पट्ट्याखाली फोमची पातळ चिंधी ठेवावी, म्हणजे पट्टा घासणार नाही. मॉड्यूलची वरची बाजू उघडी सोडावी. सगळीकडून फोममध्ये गुंडाळलेले मॉड्यूल मे महिन्याच्या दुपारी स्वतःच्याच उष्णतेने भाजून निघते.

आता १३ मिलिमीटर जाडीच्या फोमचे दोन थर सुतारकामातल्या सिंथेटिक रबराच्या गोंदाने एकमेकांवर चिकटवावेत. हा गोंद दोन्ही बाजूंना पातळ लावून, हाताला चिकटेनासा झाल्यावरच जोडावा. या जाड पट्टीतून धारदार ब्लेडने १० मिलिमीटर लांब-रुंद असे चार खांब कापावेत, ते पाटाच्या चार कोपऱ्यांखाली चिकटवावेत आणि खांबांची खालची तोंडे विमानातल्या ठरवलेल्या जागी चिकटवावीत. चिकटवण्यापूर्वी प्लायवूडला इपॉक्सीचा किंवा वॉर्निशचा पातळ हात दिलेला असावा, कारण तेलकट कोऱ्या लाकडावर कोणताही गोंद टिकत नाही.

नुसत्या गोंदावर विसंबून राहू नये. सायकलच्या जुन्या ट्यूबमधून बोटभर रुंदीच्या दोन पट्ट्या कापून त्या पाटावरून आडव्या घ्याव्यात आणि फळीतल्या खाचांतून ओवाव्यात. उलट्या उड्डाणात पाट निसटू नये, एवढ्यापुरताच त्यांचा ताण असावा. पट्ट्या बांधल्यावर खांबांची उंची पट्टीने मोजावी. २६ मिलिमीटरच्या खांबाची उंची २१-२२ च्या खाली गेली असेल तर पट्ट्या सैल कराव्यात. पाटाच्या सर्व बाजूंना किमान ८ मिलिमीटर मोकळी जागा हवी, कारण हलताना पाट एखाद्या फॉर्मरवर आपटला तर तो फोम नसण्याहून वाईट.

मोबाइलवर मोजणी

बसवणी बरोबर झाली की नाही, हे अंदाजावर सोडण्याची गरज नाही. हल्लीच्या बऱ्याच मोबाइलमध्ये सेकंदाला २४० चित्रे टिपणारी स्लो-मोशनची सोय असते. विमान जड टेबलावर घट्ट धरून ठेवावे, मोबाइल टेकवून पाटावर रोखावा आणि बोटाने पाटाला हलकी टिचकी मारावी. चित्रण एकेक चित्र पुढे सरकवत पाहावे आणि पाट वर जाऊन, खाली येऊन पुन्हा त्याच जागी येईपर्यंत किती चित्रे लागली, ते मोजावे. नायट्राइल फोम हालचाल लवकर शमवतो, त्यामुळे पहिलाच झोका मोजावा लागतो. तीन-चार वेळा मोजून सरासरी घ्यावी.

२४० ला त्या संख्येने भागले की सेकंदाची डोलण्याची गती मिळते. एका झोक्याला १५ चित्रे लागली तर गती १६, आणि ५ लागली तर ४८. इंजिनाचे आयडल १६०० फेऱ्यांचे असेल तर किमान १३ चित्रे हवीत, आणि १५ किंवा अधिक आली तर बसवणी उत्तम समजावी. संख्या कमी आली तर प्रत्येक खांबाची थोडी थोडी कड तासावी किंवा फोमचा आणखी एक थर वाढवावा, आणि पुन्हा मोजावे. माझ्या पहिल्या पूर्ण गादीच्या बसवणीत हा आकडा ६ आला होता, म्हणजे २४०० फेऱ्यांना तो फोम माझ्या मॉड्यूलला झोका देत होता. ही मोजणी पाटाच्या वर-खाली आणि आडव्या, दोन्ही दिशांनी करावी. उंच खांब आडव्या दिशेने जास्तच मऊ असतात, त्यामुळे तिथे बहुधा अडचण येत नाही, पण पाट कलंडत नाही ना, ते पाहावे.

वायरी

पाट कितीही चांगला झाला तरी वायरी ताठ असतील तर सगळे व्यर्थ जाते. प्लगकडे जाणारी जाड, जाळीदार वेष्टनाची वायर ही सर्वांत कडक असते. ती सरळ ताणून बसवली, तर इंजिनापासून मॉड्यूलपर्यंत जणू एक दांडीच टाकल्यासारखे होते आणि हादरा फोमला वळसा घालून थेट आत पोहोचतो. ही वायर मोठ्या, सैल वळणाने न्यावी आणि वळणाची त्रिज्या ४-५ सेंटीमीटरपेक्षा कमी करू नये. मध्ये एका ठिकाणी ती रबर घातलेल्या क्लिपने फायरवॉलला धरावी, पण क्लिप आणि पाट यांच्यामध्ये वळण मोकळे राहिले पाहिजे.

सेन्सरची आणि बॅटरीची वायर मॉड्यूलमधून बाहेर पडताच पहिले तीन-चार सेंटीमीटर पाटालाच कापडी टेपने बांधावी, म्हणजे ती तोंडाशी वाकणारच नाही. तिथून पुढे ५-७ सेंटीमीटरचा ढिला फास सोडावा आणि त्यानंतरच ती विमानाच्या सांगाड्याला बांधावी. वाकणे त्या लांब फासात विभागले जाते आणि तांब्यावर ताण उरत नाही. वायरींच्या तोंडाशी गरम गोंदाचा गोळा लावण्याची सवय काहींना असते, पण तो गोंद इंजिनाच्या उष्णतेने मऊ पडतो. सिलिकॉन वापरायचे असेल तर ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते वापरू नये, कारण ते तांबे आणि डाख कुरतडते.

प्लगच्या वायरीवरील धातूची जाळी कानसासारखे काम करते. ती इंधनाच्या नळीला टेकत असेल तर काही उड्डाणांत नळी कापली जाऊन पेट्रोल गळू लागेल, तेही ठिणगीच्या वायरीशेजारी. त्या जाळीवर प्लास्टिकची गुंडाळी नळी चढवावी, आणि शक्य असेल तर इंधनाची नळी दुसऱ्या बाजूनेच न्यावी. या एका मुद्द्यावर कोणतीही तडजोड करू नये.

कनेक्टर हादऱ्याने हळूहळू सरकून सुटतात. प्रत्येक जोडावर लॉकक्लिप लावावी किंवा गरम केल्यावर आवळली जाणारी हीट-श्रिंक नळी चढवावी. सरकता स्विच असेल तर त्याची सरकण्याची दिशा सिलिंडरच्या रेषेला काटकोनात ठेवावी. सेन्सरच्या बारीक स्क्रूंना निळ्या थ्रेडलॉकचा (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) थेंब द्यावा. प्लगची कॅप शेवटपर्यंत दाबून बसली आहे आणि तिचे आतले कडे प्लगच्या षटकोनाला घट्ट धरते आहे, हे प्रत्येक वेळी पाहावे. कॅप सैल असेल तर जाळीचा भूसंपर्क तुटतो, रेडिओत खरखर येते आणि ठिणगी मॉड्यूलच्या आतच वाट शोधू लागते. प्लगपासून कॅप काढलेली असताना इग्निशन चालू करून प्रोपेलर फिरवला तरी हेच घडते आणि मॉड्यूल जळते.

हादरा मुळाशीच कमी करणे

प्रोपेलर आणि स्पिनर (प्रोपेलरपुढची टोपी) समतोल केले नसतील तर वरील सर्व मेहनत अर्धीच फळते. प्रोपेलर बॅलन्सरवर ठेवून, जड पात्याच्या मागच्या बाजूला पॉलिश पेपर मारून किंवा हलक्या पात्याला वॉर्निशचा हात देऊन समतोल साधावा. इंजिनाचे बोल्ट पहिल्या दोन टाक्यांनंतर पुन्हा आवळावेत, कारण फायरवॉलचे लाकूड दबते.

पहिली चाचणी

विमानाची शेपटी खुंटीला किंवा बंडीच्या चाकाला बांधून, मदतनिसाला पंखामागे उभे करून आणि स्वतः प्रोपेलरच्या मागे राहूनच इंजिन सुरू करावे. बाजूने किंवा समोरून डोकावू नये. इंजिन गरम झाल्यावर थ्रॉटल आयडलपासून पूर्णपर्यंत अगदी सावकाश, अर्ध्या मिनिटात वाढवावा आणि मोबाइलवर पाटाचे स्लो-मोशन चित्रण मागून घ्यावे. आयडल ते ३००० फेऱ्यांच्या दरम्यान पाटाच्या कडा कुठे अस्पष्ट होतात का, ते पाहावे. तशी एखादी गती सापडली तर खांब बारीक करून पुन्हा मोजावे. वरच्या फेऱ्यांना २४० चित्रांचे चित्रण फसवे असते, कारण एका हादऱ्याला दोनच चित्रे मिळतात, त्यामुळे तिथले दृश्य विचारात घेऊ नये.

आपली धावपट्टी म्हणजे बहुतेकदा काळ्या मातीचे पडीत वावर. उन्हाळ्यात त्याला भेगा पडतात आणि पऱ्हाटीची बुडखे राहिलेली असतात, त्यामुळे जमिनीवरचे धक्केही पाटाला सोसावे लागतात. उतरल्यावर पाटाचा एखादा कोपरा फॉर्मरला लागल्याची खूण दिसते का, ते पहिल्या काही उड्डाणांनंतर जरूर तपासावे.

त्यानंतर दर दहा उड्डाणांनी काउल काढून पाट बोटाने दाबावा, तो सुटून जागेवर येतो का ते पाहावे, खांबांची उंची मोजावी आणि प्रत्येक वायर तोंडापासून फासापर्यंत दोन बोटांत धरून हळूच वाकवावी. एखाद्या ठिकाणी ती आजूबाजूपेक्षा मऊ लागली तर आतले तार तुटू लागले आहेत, असे समजून उड्डाण थांबवावे. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या पेट्रोलने फुगतात आणि उन्हाने चिरतात, म्हणून त्या दर हंगामात नव्या घालाव्यात. फोमचे खांब दर वर्षी उन्हाळा संपल्यावर, पावसाळ्यात विमान उभे असताना बदलावेत आणि बदलल्यावर टिचकीची मोजणी पुन्हा करून तो आकडा तारखेसह पाटाच्या खालीच पेन्सिलीने लिहून ठेवावा.